हात मोजेपर्यंत

पाळोळ्याच्या पलीकडे, खडपांवर शिनाणे खरवडताना
पियेदादच्या कोयत्याला काहीतरी मऊ लागलं.
फटीत रुतलेलं, वांग्याएवढं, चामट.
"जून काकडी गे ही, दर्याची," ती म्हणाली
आणि माझ्यासाठी बादलीत टाकली.

पाळोळ्याहून दोना पावल, ऑक्टोबरचं ऊन,
बादली माझ्या दोन पायांच्या मध्ये.
करमलच्या घाटात पाणी कोमट झालं.
मडगावला झाकण उघडलं तर तिनं
तोंडच ओकून टाकलेलं:
हात, घसा, आतड्याचं पिवळं वेटोळं बुडाशी,
आणि ती वर, रिकामी,
प्रवासाचं भाडं चुकतं केल्यासारखी.

आमच्या ओळखतक्त्यातला पहिलाच प्रश्न:
हात कसे?
ढालीसारखे असतील तर वाळू गिळणारी, तिचा गण वेगळा.
फांद्या फुटलेले असतील तर वृक्षहस्त,
पाण्यात झाड उघडून बसणारी,
प्रवाह आणील ते धरणारी.
मग दुसरा प्रश्न, हात किती?
दहा असतील तर एका कुलाकडे वळा,
वीस असतील तर दुसऱ्या.
बादलीतले हात मी मोजायला घेतले.
घाटाच्या वळणांनी त्यांचा लगदा केला होता,
बोटांना चिकटले.

कातडीचा तीळभर तुकडा ब्लीचमध्ये टाकला.
मांस विरघळलं, चुन्याची बटणं उरली,
चार-चार भोकांची,
सुई असती तर सदऱ्याला लावली असती.
बटणांनी अर्धं नाव सांगितलं.
कुवेलकर सर म्हणाले, "स्पिरिटमध्ये घाला,
'अनिश्चित' लिहा, टाकी मोकळी करा."
टाकी मी मोकळी केली नाही.

श्वास ती मागच्या दारानं घेते.
आत दोन झाडं आहेत, श्वासाची,
बाहेरचं गेलं तरी ती शाबूत होती;
मागचं दार उघडायचं, मिटायचं,
मी घड्याळ लावून बघायची.
अंगावर पायांच्या पाच ओळी.
तारामाशाची ही सख्खी,
फक्त कुशीवर पडून राहिलेली.

दर रविवारी पियेदादचा फोन.
"जेवता गे ती?"
"तोंडच नाही अजून."
तिकडे लाटांचा आवाज, भांड्यांचा आवाज.
"मिंगेल बोटीवरून आला ना शेवटचा,
तेव्हा असाच पडून होता," ती म्हणाली.
पुढे काही म्हणाली नाही.
मीही विचारलं नाही.

त्रेचाळिसाव्या रात्री,
जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या आदल्या दिवशी,
पंप बंद करून लाल कागद लावलेला टॉर्च धरला.
टोकाशी काळसर कोंब.
मग कोंबाला फाटे, फाट्यांना फाटे.
सात. आठ.
आठवर मी अडकले, तक्त्यात आठ नव्हते.
काचेला गाल लावून खालून पाहिलं:
तिथे दोन धाकटे, अर्ध्याच उंचीचे,
पोटाच्या बाजूला.

शेवाळाचं पाणी ड्रॉपरनं सोडलं.
बराच वेळ काही नाही.
मग एक हात हळूच वाकला, तोंडात गेला,
ओठ मिटले, हात पुसून बाहेर आला,
पुन्हा पसरला.
मग दुसरा.
हुमण संपल्यावर बोटं चाटावीत तशी,
पण प्रत्येक बोटाला वेगळा वेळ देऊन.
मला घरी जायला दोन वाजले.

कार्डावर लिहिलं:
गण, वृक्षहस्त. हात, दहा, त्यातले दोन लहान.
ठिकाण, खडपातली फट, ओहोटीच्या रेषेखाली.
कुणाला सापडली, पियेदाद बार्रेटो.
प्रजातीची रेघ पेन्सिलीनं मारून
तशीच सोडली. सरांनी चष्मा काढला,
घातला, सही केली.

या खेपेला पहाटेची बस धरली,
बादलीला ओलं गोणपाट, बर्फाची बाटली.
घाटात झाकण उघडून पाहिलं नाही.
खडपांवर पियेदाद उभी होती, कोयता कमरेला.
"दाखव," म्हणाली.
मी बादली वाकवली.
ती हात आखडून घट्ट गोळा झालेली,
कुणालाच काही दाखवेना.